जुनी वैमानिकी जॅकेट आणि सिनेमात बदलणारे त्यांचे रंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धावरचा एखादा सिनेमा बघितला की वैमानिकाच्या अंगातलं चामड्याचं जॅकेट डोक्यात बसतं. मग नेटवर फोटो शोधायला सुरुवात होते आणि गोंधळ वाढत जातो. एका फोटोत तेच जॅकेट चॉकलेटी, दुसऱ्यात विटकरी, पोस्टरवर जवळजवळ काळं, आणि लिलावाच्या कॅटलॉगमध्ये दुधाळ कॉफीसारखं. यातला खरा रंग कोणता, हा प्रश्न इतक्यांदा विचारला जातो की उत्तरं एका जागी लिहून ठेवलेली बरी. इथे मुख्यतः अमेरिकी हवाई दलाचं ए-२, नौदलाचं जी-१, त्यानंतरची नायलॉनची जॅकेट आणि ब्रिटिशांचं आयर्विन यांचा विचार केला आहे.

ए-२ जॅकेटचा मूळ रंग कोणता?

अमेरिकेच्या आर्मी एअर कोअरनं १९३१ साली ए-२ हे जॅकेट अधिकृत केलं. सरकारी कागदावर रंग लिहिलेला होता 'सील ब्राउन', म्हणजे काळ्याकडे झुकणारा गडद तपकिरी. पण कागदावरचा रंग आणि कारखान्यातून बाहेर पडणारा रंग यांत फरक होता. बीकनची एअरो लेदर, न्यूबर्गची पेरी स्पोर्ट्सवेअर, रफ वेअर, डुबो अशा बऱ्याच कंपन्यांना कंत्राटं मिळाली. प्रत्येकीचं कातडं वेगळ्या ठिकाणी कमावलेलं, रंग देणारे हात वेगळे. कातडं बहुतेक वेळा घोड्याचं असे, काही वेळा बकऱ्याचं. त्यामुळे एका कंत्राटातली जॅकेट गडद चॉकलेटी निघाली, तर दुसऱ्यातली लालसर तपकिरी. हा लालसर रंग 'रसेट' म्हणून ओळखला जातो आणि तोही तितकाच अस्सल आहे.

म्हणून 'ए-२ चा खरा रंग' असा एकच नमुना दाखवता येत नाही. कोणत्या कंपनीचं, कोणत्या कंत्राटाचं, हे आधी विचारावं लागतं. ही माहिती कॉलरच्या आत, मानेखाली शिवलेल्या विणीव लेबलवर असते. ते लेबल शाबूत असेल तर अर्धं काम झालं.

मग त्याच जॅकेटचा रंग वर्षांनुवर्षं बदलत का जातो?

याला तीन-चार कारणं एकदम लागू होतात आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिलं कातडं कमावण्याची पद्धत. झाडांच्या साली वापरून कमावलेलं कातडं ऊन, हवा आणि अंगाचं तेल लागून गडद होत जातं. नवी कोल्हापुरी चप्पल फिकट असते आणि वर्षभर तेल-घाम पिऊन काळपट तपकिरी होते, तोच प्रकार. क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं कातडं मुळात निळसर राखाडी असतं. त्याचा तपकिरीपणा सगळा वरून दिलेला, त्यामुळे तो गडद होण्याऐवजी विटण्याकडे जातो. युद्धकाळातल्या जॅकेटांत दोन्ही पद्धतींचं कातडं सापडतं.

दुसरं, वरचा थर. कातड्यात मुरलेला रंग वेगळा आणि त्यावर चढवलेला रंगद्रव्याचा, लॅकरचा थर वेगळा. हा वरचा थर बाह्यांच्या कडा, खिशांची टोकं, चेनच्या बाजूची पट्टी आणि कोपराच्या घड्या इथे सगळ्यात आधी घासला जातो. तिथून खालचा फिकट, तांबूस रंग डोकावतो. दोन हात लांबून बघणाऱ्याला मग अख्खं जॅकेटच तांबूस वाटायला लागतं.

आणि अर्थात प्रकाश. खुंटीला टांगून ठेवलेल्या जॅकेटचे खांदे पाठीपेक्षा आधी विटतात. एखादं जुनं ए-२ हातात आलंच तर खिशाचं झाकण उचलून बघा. झाकणाखाली आयताकृती पट्टा दिसतो, भोवतालच्या चामड्यापेक्षा गडद आणि चकचकीत. ऐंशी वर्षांत त्या पट्ट्याला ऊन लागलेलं नसतं. कॉलर उलटली तर तिच्या खालीही तोच रंग. जॅकेट कारखान्यातून बाहेर पडलं तेव्हा कसं दिसत होतं, याचा सगळ्यात चांगला पुरावा तिथेच असतो. छातीवरचा रंग बघून काही ठरवू नये.

काही जॅकेट सैन्यानंच पुन्हा रंगवली होती का?

होय, आणि हे लक्षात न घेतल्यामुळे भले भले फसतात. ए-२ ची नवी खरेदी १९४३ मध्ये थांबली, कारण हवाई दल कापडी जॅकेटांकडे वळलं होतं. वैमानिकांना मात्र चामड्याचंच जॅकेट हवं होतं. मग वापरून परत आलेली जॅकेट डेपोत दुरुस्त होऊ लागली: मनगटाच्या आणि कंबरेच्या विणलेल्या पट्ट्या बदलायच्या, फाटलेलं शिवायचं आणि लालसर जॅकेटावर गडद सील ब्राउन रंग चढवायचा.

असं जॅकेट ओळखायला धागा बघावा. कारखान्यात कातडं आधी रंगवलं जाई आणि नंतर शिवलं जाई, त्यामुळे शिवणीचा धागा स्वतःच्या रंगाचा राहतो. शिवून झाल्यावर रंग फासला असेल तर धागाही रंगतो, चेनच्या कापडी पट्टीवर डाग पडतात, अस्तराच्या कडेला तपकिरी ओघळ दिसतो. घड्यांमध्ये वरचा गडद थर तडकलेला असतो आणि भेगांतून विटकरी रंग दिसतो. अशा जॅकेटाचे दोन्ही रंग अस्सल धरावे लागतात: एक कारखान्यातला, दुसरा डेपोतला. माझ्या मते ही पुन्हा रंगवलेली जॅकेटंच सगळ्यात बोलकी असतात. संग्राहक त्यांना दुय्यम मानतात ते मला मुळीच पटत नाही.

सिनेमात एकाच जॅकेटचा रंग दृश्यागणिक बदललेला का दिसतो?

तपकिरी हा प्रकाशाच्या फार आहारी जाणारा रंग आहे. तो मुळात अंधारलेला नारिंगीच. उजेड थोडा वाढला तर तो नारिंगी-लालसर दिसतो, कमी झाला तर काळा. निळ्या किंवा हिरव्या कपड्याच्या बाबतीत डोळा इतका फसत नाही.

यात दिव्यांची भर पडते. प्रकाशाचा रंग केल्विन या एककात मोजतात. स्टुडिओतले जुने टंगस्टन दिवे साधारण ३,२०० केल्विनचे, पिवळट. दुपारचं ऊन साधारण ५,६०० केल्विनचं, निळसर. कॅमेऱ्याची फिल्म यांपैकी एकासाठी बनवलेली असते आणि दुसऱ्यात चित्रण करताना फिल्टर लावून तोल साधावा लागतो. तो तोल जराही हलला की गोऱ्या चेहऱ्याच्या आधी तपकिरी चामड्यात कळतं. त्यात चामडं चकाकतं. घोड्याच्या कातड्यावर आकाशाचं प्रतिबिंब पडलं की खांदे निळसर राखाडी दिसतात आणि छाती चॉकलेटी राहते. ढगाळ दिवशी उघड्या धावपट्टीवर चित्रित झालेला प्रसंग आणि छावणीच्या खोलीत दिव्याखाली झालेला प्रसंग यांत एकच जॅकेट दोन वाटतं, ते यामुळे.

शेवटचा हात लॅबचा. पूर्वी प्रिंट काढताना लाल, हिरवा, निळा प्रकाश कमीजास्त करून प्रत्येक शॉटचा रंग जुळवत. २००० सालानंतर हे काम कॉम्प्युटरवर गेलं आणि सिनेमाचा सगळा सूरच बदलता येऊ लागला. युद्धपटाला निळसर-राखाडी, रंग उडालेला सूर द्यायची पद्धत पडली. अशा सिनेमात लालसर ए-२ सुद्धा मातकट दिसतं. त्या मातकट रंगाचं जॅकेट बाजारात शोधत फिरू नये, ते मिळायचं नाही.

'द ग्रेट एस्केप'मधल्या स्टीव्ह मॅक्वीनच्या जॅकेटचा रंग नेमका कोणता?

या पानावर सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. १९६३ च्या या सिनेमात हिल्ट्स नावाचा अमेरिकी कॅप्टन जर्मनांच्या युद्धकैदी छावणीत ए-२ घालून वावरतो. खाली फिकट पँट, आत बाह्या कापलेला स्वेटशर्ट. चित्रण १९६२ च्या उन्हाळ्यात बव्हेरियात झालं. बराचसा भाग उघड्यावरचा, काही भाग स्टुडिओत उभारलेल्या कोठडीचा. फिल्म ईस्टमनकलर घराण्यातली, ती धुण्याची प्रक्रिया डीलक्स या लॅबची.

आता अडचण अशी. ईस्टमनकलरच्या जुन्या थिएटर-प्रिंटांत निळसर-हिरवा रंग देणारं द्रव्य आधी विटतं. ते गेलं की मागे किरमिजी-लालसर छटा उरते. सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्यांनी जुनी झालेली प्रिंट बघितली त्यांच्या आठवणीत जॅकेट लालसर आहे. नंतर टीव्हीसाठी, डीव्हीडीसाठी, ब्ल्यू-रेसाठी दर वेळी नव्यानं रंग जुळवले गेले आणि दर वेळी जॅकेट थोडं सरकलं. त्यामुळे पडद्याचे फोटो समोर ठेवून 'हा रंग की तो' असा वाद घालण्यात अर्थ नाही.

काय करता येईल? एकाच आवृत्तीतला उघड्यावरचा एक शॉट घ्यायचा, ज्यात त्वचा, गवत आणि एखादी पांढरी वस्तू एकत्र दिसते. पांढरं पांढरं दिसेल इतकी दुरुस्ती करायची आणि मग चामडं बघायचं. माझ्या डोळ्यांना तिथे मधला तपकिरी दिसतो, कडा घासलेल्या, फार काळा नाही. त्याहून नेमकं बोलणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

कृष्णधवल सिनेमातलं जॅकेट गडद की फिकट, हे सांगता येतं का?

थोडंफार. १९४९ चा 'ट्वेल्व्ह ओ'क्लॉक हाय' घ्या. बॉम्बर तळावरचा हा सिनेमा कृष्णधवल आहे. त्या काळची पॅनक्रोमॅटिक फिल्म लाल रंगही पकडत असे आणि टंगस्टनचा दिवाही लालसर, त्यामुळे तांबूस चामडं प्रत्यक्षापेक्षा उजळ उमटतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल बघतच नसे, तिथे तेच चामडं जवळजवळ काळं. म्हणजे राखाडी छटेवरून थेट रंग काढता येत नाही. एकाच फ्रेममधल्या दोन जॅकेटांची आपसांत तुलना मात्र करता येते: एक स्पष्टपणे फिकट असेल तर ते बहुधा रसेट.

युद्धकाळातल्या खऱ्या रंगीत फोटोंवर कितपत भरवसा ठेवावा?

कोडाक्रोम असेल तर बराच. ही फिल्म १९३५ साली आली आणि अंधारात नीट ठेवली तर तिचे रंग दशकानुदशकं टिकतात. ईस्टमनकलरसारखी ती लाल पडत नाही. अमेरिकेच्या युद्ध माहिती कार्यालयासाठी आल्फ्रेड पामर यांनी १९४२ च्या सुमारास काढलेल्या रंगीत पारदर्शिका लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि नेटवर मोठ्या आकारात बघता येतात. 'मेम्फिस बेल' या बी-१७ विमानावर विल्यम वायलर यांनी केलेला १९४४ चा माहितीपटही खऱ्या मोहिमांवर सोळा मिलिमीटर रंगीत फिल्मवर चित्रित झाला होता. त्यात शेजारी शेजारी उभे असलेले वैमानिक नीट बघा. सगळ्यांची जॅकेट एकसारखी दिसत नाहीत.

याच कारणासाठी मला आजच्या युद्धपटांतली रांग खटकते. दहा माणसं, दहाही जॅकेट एकाच छटेची, एकाच प्रमाणात घासलेली. खऱ्या तुकडीत कोणाचं जुनं, कोणाचं नवं, कोणाचं दुसऱ्या कंपनीचं, कोणाचं मित्राकडून आलेलं असे. वेशभूषाकारानं निदान तीन छटा मिसळल्या तरी चित्र किती जिवंत होईल.

नेटवर फिरणारे 'रंगीत केलेले' जुने फोटो?

ते पुरावा म्हणून धरू नका. रंग भरणाऱ्यानं, मग तो माणूस असो की सॉफ्टवेअर, अंदाज केलेला असतो. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा सगळ्या जॅकेटांना एकच तपकिरी फासतं.

एका सिनेमासाठी किती जॅकेट लागतात? ती सगळी जुनी असतात का?

नायकासाठी एकच जॅकेट कधीच पुरत नाही. जवळच्या शॉटसाठी एक, मारामारीसाठी एक-दोन, स्टंट करणाऱ्याच्या मापाचं वेगळं, पाण्यात भिजवायचं वेगळं. अस्सल जुनं जॅकेट एका मापात एकच मिळतं आणि ते फाडता येत नाही, म्हणून बहुतेक नवी शिवलेली असतात. प्रत्येकाचं कातडं वेगळ्या जनावराचं, त्यामुळे एकाच रंगाच्या पिंपातून काढली तरी ती उन्नीस-बीस निघतात.

मग ती 'जुनी' करावी लागतात. सँडपेपर, तारेचा ब्रश, कडांवरचा थर उतरवायला अल्कोहोल किंवा अॅसिटोन, घड्या पाडण्यासाठी ओलं करून अंगावर वाळवणं, आणि धुळीसाठी मुलतानी माती. हॉलिवूडच्या वेशभूषा विभागातही धुळीसाठी हीच माती वापरतात. 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'मधलं जॅकेट लष्करी वैमानिकी जॅकेट नाही, तरी त्याचं उदाहरण द्यायलाच हवं: वेशभूषाकार डेबोरा नॅडूलमन यांनी नवी कोरी जॅकेट तारेचा ब्रश आणि हॅरिसन फोर्ड यांचा खिशातला चाकू वापरून घासून-खरवडून जुनी केली.

यात एक गोम आहे. सिनेमाचं चित्रण कथेच्या क्रमानं होत नाही. शेवटचा प्रसंग पहिल्या आठवड्यात उरकला असेल तर जॅकेट आधी जीर्ण दिसतं आणि महिन्याभरानं 'नवं'. त्यासाठी टप्प्याटप्प्यानं जुनी केलेली वेगवेगळी जॅकेट ठेवतात. सहायकाच्या हातून चुकीचा हँगर उचलला गेला की नायक खोलीतून बाहेर पडताना त्याच्या कोपरावरची घासलेली जागा गायब झालेली दिसते.

शिवाय अमेरिकी हवाई दलानं १९८८ च्या सुमारास ए-२ पुन्हा द्यायला सुरुवात केली, या वेळी बकऱ्याच्या कातड्यात. त्याचा पोत दाणेदार, रंग एकसारखा गडद. त्यानंतरच्या एखाद्या युद्धपटात असा दाणेदार पोत आणि एकसारखा गडद रंग एकत्र दिसला तर ते जॅकेट बहुधा १९४० च्या दशकातलं नाही.

मनगटाच्या पट्ट्या जॅकेटपेक्षा वेगळ्या रंगाच्या का दिसतात?

त्या लोकरीच्या. लोकरीचा रंग चामड्यासारखा वागत नाही, शिवाय कसर लागून त्या बऱ्याचदा बदललेल्या असतात. दिवसाच्या उजेडात जुळलेले दोन तपकिरी दिव्याखाली वेगळे दिसू शकतात, कारण दोन्हींतली रंगद्रव्यं वेगळी. स्वस्त एलईडी दिव्यांत हा फरक जास्तच उघडा पडतो.

नायलॉनची हिरवी जॅकेट जांभळट का होतात? आणि निळी कुठून आली?

अमेरिकी हवाई दल १९४७ साली सैन्यापासून वेगळं झालं. नव्या दलाला स्वतःची ओळख हवी होती, म्हणून गणवेश निळा झाला आणि त्यापाठोपाठ वैमानिकांची नायलॉनची जॅकेटही निळी झाली. त्याआधी ती मेंदी रंगाची असत. पण निळा रंग फार वर्षं टिकला नाही. विमान पाडलं गेलं आणि वैमानिक शेतात किंवा जंगलात उतरला तर निळं जॅकेट लांबून दिसतं. पन्नासच्या दशकात 'सेज ग्रीन' आला, म्हणजे राखाडी झाक असलेला शेवाळी. एल-२बी आणि नंतरचं एमए-१ याच रंगात प्रसिद्ध झालं. एमए-१ ला १९६० च्या आसपास भडक नारिंगी अस्तर मिळालं. जॅकेट उलटं करून घातलं की शोध घेणाऱ्या विमानाला वैमानिक दिसावा, हा हेतू. एकाच जॅकेटात लपण्याचा रंगही आणि सापडण्याचा रंगही. लष्करी कपड्यांत इतकी विचारपूर्वक केलेली रचना क्वचितच दिसते.

आता जांभळट होण्याबद्दल. शेवाळी रंग एका द्रव्याचा नसतो. तो पिवळट, निळसर आणि थोड्या लालसर रंगांच्या मिश्रणातून येतो. प्रत्येकाचं उन्हाशी वागणं वेगळं. हिरवेपणा देणारा भाग आधी गेला की उरलेला तपकिरी-जांभळट वर येतो. हा बदल खांद्यांवर आणि बाह्यांच्या वरच्या बाजूला जास्त, बगलेत जवळजवळ नाहीच. शिवाय एकाच जॅकेटचे तुकडे कापडाच्या दोन वेगळ्या ताग्यांतून कापलेले असले तर एक बाही जांभळी आणि दुसरी हिरवी असाही प्रकार दिसतो. सिनेमासाठी भाड्यानं आणलेल्या खऱ्या जुन्या एमए-१ मध्ये हे सर्रास आढळतं, आणि वेशभूषाकार घाईत असेल तर तो दोष समजून पुन्हा हिरवा रंग मारतो. तसं करू नये. तो विटलेपणा खोटा तयार करता येत नाही.

काळं एमए-१ हवाई दलानं सर्वसाधारण वैमानिकाला कधी दिलंच नाही, ती पुढे फॅशनमधून आलेली गोष्ट. साठच्या दशकातल्या कथेत काळं दिसलं तर चूक समजा.

नंतरच्या आग न धरणाऱ्या जॅकेटांचं काय?

सीडब्ल्यूयू-४५ सारखी जॅकेट नोमेक्सची असतात. हा धागा रंग सहज घेत नाही आणि उन्हात फिका पडतो. जुनं झालं की शेवाळी रंग राखाडीकडे जातो. चामड्याइतकं नाट्य त्यात नाही.

'टॉप गन'मधलं जॅकेट कोणतं? त्याचे बिल्ले बदलले का?

ते नौदलाचं जी-१, बकऱ्याच्या कातड्याचं, केसाळ कॉलर असलेलं. याचे पूर्वज एम-४२२ए हे महायुद्धातलं जॅकेट. त्या जुन्या जॅकेटांचा तपकिरी काळाबरोबर बराच लालसर झालेला आढळतो. कॉलरचे केस मात्र टोकांशी पिवळट होतात.

बिल्ल्यांची गोष्ट खरी आहे. २०१९ मध्ये दुसऱ्या भागाचा ट्रेलर आला तेव्हा पाठीवरच्या मोठ्या बिल्ल्यातले जपान आणि तैवानचे झेंडे जाऊन तिथे वेगळीच चिन्हं आलेली दिसली. त्यावरून बरीच चर्चा झाली. २०२२ मध्ये सिनेमा प्रदर्शित झाला तेव्हा झेंडे परत आले होते.

ब्रिटिश आयर्विन जॅकेटवर पट्टे-पट्टे का दिसतात?

लेस्ली आयर्विन या अमेरिकी पॅराशूटवाल्यानं १९२६ मध्ये इंग्लंडात लेचवर्थ इथे कारखाना काढला. मेंढीच्या कातड्याचं, आतून लोकर असलेलं हे जॅकेट त्याचं. युद्धात कातडं कमी पडू लागलं तसे लहान लहान तुकडे जोडून जॅकेट शिवली गेली. प्रत्येक तुकड्यानं रंग वेगळ्या प्रमाणात शोषला, आणि झिजतानाही प्रत्येक तुकडा आपल्या गतीनं झिजला. एक पट्टा अजून गडद, शेजारचा आल्याच्या सालीच्या रंगाचा. बी-३ या अमेरिकी मेंढीच्या कातड्याच्या जॅकेटात वर तपकिरी लेप असतो; तो पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचं फिकट कातडं उघडं पडतं.

या जॅकेटांचा भारताशी काही संबंध?

आहे. चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवरची अमेरिकी विमानं आसाममधल्या छाबुआ, दिनजान अशा धावपट्ट्यांवरून हिमालयाच्या पूर्व टोकावरून चीनकडे उडत. त्या वैमानिकांच्या ए-२ वर शिवलेले बरेच बिल्ले भारतातल्या कारागिरांनी बनवलेले: चामड्याचे रंगीत तुकडे कापून, एकमेकांवर शिवून. पाठीवर चिनी मजकुराचा फडका, की हा माणूस मदतीला आला आहे, याला वाचवा. त्या बिल्ल्यांतला लाल रंग आता बहुधा विटकरी झालेला असतो आणि पांढरा साईसारखा. सिनेमात ते नेहमी नव्या प्लास्टिकसारखे झळकतात, हे मला बघवत नाही.

आमच्याकडे जुनं जॅकेट आहे. रंग उडालाय. पुन्हा रंगवू का?

नको. कृपा करून नको. आणि खोबरेल तेल तर अजिबात लावू नका. तेलानं चामडं लगेच गडद होतं, छान दिसतं, पण तो रंग परत फिरवता येत नाही. पुढे तेल खवट होतं आणि शिवणीचा धागा कुजू लागतो. बुटाचं पॉलिशही तसंच.

चामडं लालसर भुकटीसारखं झडत असेल तर तो हवेतल्या आम्लानं झालेला ऱ्हास असतो. झाडांच्या सालीनं कमावलेल्या कातड्यात तो जास्त आढळतो. त्यावर घरगुती उपाय नाही; संग्रहालयातल्या संवर्धकाला दाखवा. पितळी बटणांभोवती हिरवट, मेणचट कळंक साचला असेल तर तो लाकडी टूथपिकनं हलकेच काढता येतो.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ते कसं सांभाळायचं?

प्लास्टिकच्या पिशवीत कधीही नाही, आत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. रुंद खांद्यांचा हँगर, त्यावर धुतलेल्या सुती चादरीचं आवरण, आणि भिंतीला चिकटलेलं कपाट टाळायचं. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवता आली तर उत्तम. जुलैत ते घरात जमत नाही, तेव्हा कपाटात सिलिका जेल ठेवून ते दर काही दिवसांनी बदला. लोकरीच्या पट्ट्यांसाठी डांबरगोळ्या चालतील, पण चामड्याला टेकू देऊ नका. पांढरी बुरशी दिसली तर गॅलरीत नेऊन मऊ ब्रशनं झटका आणि सावलीत वारा द्या. उन्हात वाळत घातलं तर एका दुपारीत खांदे विटतात. दर्शनी भिंतीवर लावायचंच असेल तर संग्रहालयं अशा वस्तूंसाठी साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) आत प्रकाश ठेवतात, एवढं लक्षात घ्या; बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी त्याच्या कैक पट असतो.

नाटकासाठी किंवा शॉर्टफिल्मसाठी जॅकेट शिवून घ्यायचंय. कोणती छटा सांगू?

धारावीत चामड्याचं काम करणाऱ्यांकडे गेलात तर ते नमुन्यांचा गठ्ठा समोर टाकतील. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली निवड करू नका. तीन तुकडे मागून घ्या, गडद, मधला, तांबूस, आणि ज्या दिव्यांत, ज्या कॅमेऱ्यानं चित्रण होणार त्यातच नटाच्या चेहऱ्याशेजारी धरून बघा. बहुतेक वेळा वाटतं त्यापेक्षा एक छटा फिकट घ्यावी लागते, कारण गडद चामडं कॅमेऱ्यात काळा गोळा होतं आणि खिसे, शिवणी दिसेनाशा होतात. नाटकासाठी तर नक्कीच फिकट. चकाकी जास्त वाटली तर कारागिराला वरचा लॅकर कमी द्यायला सांगा. नंतर सँडपेपर मारण्यापेक्षा ते सोपं पडतं.

लिलावात 'सिनेमात वापरलेलं' म्हणून आलेलं जॅकेट रंगावरून ओळखता येतं का?

नाही. वर सांगितलेल्या सगळ्या कारणांमुळे रंग हा सगळ्यात कच्चा पुरावा आहे. पडद्यावरच्या फ्रेमशी जुळवायचं ते चामड्यावरच्या खुणा. जनावराच्या अंगावरचा जुना ओरखडा, मानेच्या कातड्याच्या सुरकुत्या, खिशाच्या कोपऱ्याशी वाकडी गेलेली शिवण, कॉलरच्या टोकाचा किंचित असमान कोन. या खुणा प्रत्येक जॅकेटच्या स्वतःच्या असतात आणि रंग उडाला, पुन्हा चढवला, प्रिंट लाल पडली तरी जागच्या हलत नाहीत. विक्रेत्याकडे तशा फ्रेम आणि जॅकेटचे त्याच कोनातले जवळचे फोटो मागा. तो फक्त 'रंग अगदी सिनेमातल्यासारखा' एवढंच म्हणत राहिला तर पैसे खिशात ठेवा.